संघ बदलण्याचा हक्क आणि प्रतीक्षेचे वर्ष
(बोईसर येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



२००६ सालची गोष्ट आहे. आंतरशालेय क्रिकेटच्या एका सामन्यात बोईसरच्या तारापूर विद्या मंदिराचा संघ बोरिवलीच्या स्वामी विवेकानंद इंटरनॅशनल स्कूलविरुद्ध खेळत होता. बोईसरच्या संघातील एका मुलाने फलंदाजी आणि गोलंदाजी या दोन्ही अंगांनी तो सामना गाजवला. प्रतिस्पर्धी संघाचे प्रशिक्षक दिनेश लाड यांनी त्याच्या पालकांना गाठले आणि मुलाला बोरिवलीच्या शाळेत घालण्याचा आग्रह धरला. पालकांचा संकोच स्वाभाविक होता. शालान्त परीक्षा जवळ येत चाललेली आणि पालघरहून बोरिवलीचा रोजचा प्रवास म्हणजे दिवसाचा मोठा भाग आगगाडीत. अखेर लाड यांनी मुलाला स्वतःच्या घरी ठेवून घेतले. मुलगा नव्या शाळेकडून खेळू लागला आणि हॅरिस ढालीच्या एका सामन्यात त्याने एका षटकात सहा षटकार मारले. त्या मुलाचे नाव शार्दूल ठाकूर. २०२१ च्या जानेवारीत ब्रिस्बेनच्या कसोटीत ६७ धावा आणि सात बळी अशी कामगिरी करून त्याने भारताच्या विजयात मोठा वाटा उचलला, हे या परिसरातील लहान मुलांनाही ठाऊक आहे.

ही कथा जिद्दीची आणि गुरुकृपेची कथा म्हणून नेहमी सांगितली जाते, आणि तशी ती आहेही. परंतु तिच्यात दडलेला एक प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. शाळा बदलणाऱ्या खेळाडूने नव्या शाळेकडून खेळण्यापूर्वी एक वर्ष मैदानाबाहेर बसावे, असा नियम त्या वेळी त्याच्या आड आला असता तर काय झाले असते? हॅरिस ढाल ही सोळा वर्षांखालील मुलांची स्पर्धा. ठाकूर यांचा जन्म ऑक्टोबर १९९१ चा, म्हणजे त्या वेळी त्यांचे पंधरावे वर्ष संपत आलेले. एक वर्ष थांबावे लागले असते, तर वयोमर्यादेचे दार त्याच वर्षात बंद झाले असते. नियमाच्या पुस्तकात ज्याला ‘एक वर्षाची प्रतीक्षा’ म्हटले जाते, तिचा अर्थ या मुलाच्या बाबतीत त्या स्पर्धेपुरता कायमची हकालपट्टी असा झाला असता.

प्रतीक्षेचा नियम आणि वयाचा नियम हे दोन वेगवेगळे नियम म्हणून लिहिले जातात. पण ते एकाच मुलावर एकाच वेळी लागू होतात. त्यांची बेरीज होत नाही, गुणाकार होतो. पन्नाशीच्या पदाधिकाऱ्याला एक वर्ष म्हणजे एक वार्षिक सभा. पदवीच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमातील विद्यार्थ्याला ते त्याच्या साऱ्या महाविद्यालयीन क्रीडाजीवनाचा तिसरा हिस्सा असते. नियम करणारा आणि नियम सोसणारा यांची घड्याळे निराळी असतात.

या प्रश्नाचा सर्वांत मोठा संघर्ष गेल्या काही वर्षांत झाला तो अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये. तेथील फुटबॉल म्हणजे अर्थातच आपल्याकडचा नव्हे. अंडाकृती चेंडू हातात घेऊन धावण्याचा, अंगावर आदळण्याचा खेळ. तो खेळणारी मुले विद्यापीठांची विद्यार्थी असतात, परंतु त्यांच्या सामन्यांना प्रचंड प्रेक्षागारे भरतात आणि दूरचित्रवाणीच्या हक्कांपोटी अब्जावधी डॉलर्स येतात. या साऱ्या व्यवहारावर एन.सी.ए.ए. या संघटनेचे नियंत्रण असे. तिचा नियम असा होता की, फुटबॉलपटूने विद्यापीठ बदलले तर नव्या विद्यापीठात त्याने एक वर्ष केवळ शिकावे. सरावाला यावे, पण सामना खेळू नये. कारण असे दिले जाई की मुलाला नव्या ठिकाणी अभ्यासात स्थिर होण्यास अवधी हवा.

कारण ऐकायला सालस आहे. पण पोहणारा, धावणारा किंवा टेनिस खेळणारा विद्यार्थी पहिल्यांदा विद्यापीठ बदलून लगेच स्पर्धेत उतरू शकत होता. अडकवून ठेवलेले खेळ होते फुटबॉल, बास्केटबॉल, बेसबॉल आणि बर्फावरील हॉकी. अभ्यासात स्थिर होण्याची गरज फुटबॉलपटूलाच का आणि जलतरणपटूला का नाही, याचे शैक्षणिक उत्तर कोणाजवळ नव्हते. व्यावहारिक उत्तर मात्र साधे आहे. तिकीटबारी ज्या खेळांवर चालते, त्यांत प्रमुख होते फुटबॉल आणि बास्केटबॉल. त्या दोन खेळांत काळ्या समाजातून आलेल्या मुलांचे प्रमाण फार मोठे आहे, हा योगायोग म्हणून सोडून देता येणार नाही.

शिवाय हा नियम फक्त मुलाला होता. नोव्हेंबर २०२१ मध्ये ब्रायन केली या प्रशिक्षकाने नॉत्र दाम विद्यापीठाचा संघ, मोसमाचा अखेरचा सामना शिल्लक असताना सोडला आणि लुइझियाना राज्य विद्यापीठाशी दहा वर्षांचा, सुमारे साडेनऊ कोटी डॉलर्सचा करार केला. त्यांना ‘नव्या ठिकाणी स्थिर होण्यासाठी’ एक वर्ष बिनपगारी बसवण्याची सूचना कोणी केल्याचे ऐकिवात नाही. ज्या प्रशिक्षकाच्या शब्दावर विश्वास ठेवून मुलाने विद्यापीठ निवडले, तो प्रशिक्षक रातोरात निघून जाऊ शकतो. मुलगा मात्र अनेक दशके जागच्या जागी बांधलेला राहिला.

हे इतका काळ कसे चालले? त्याचे एक कारण एका शब्दात आहे. १९५५ साली कोलोरॅडोतील एका लहान महाविद्यालयाकडून खेळताना रे डेनिसन हा खेळाडू डोक्याला मार लागून मरण पावला. त्याच्या विधवेने कामगार म्हणून नुकसानभरपाई मागितली. १९५७ मध्ये कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली. महाविद्यालय काही फुटबॉलच्या धंद्यात नाही, असा निर्णयाचा आशय होता. त्याच सुमारास एन.सी.ए.ए.ने ‘विद्यार्थी-खेळाडू’ हा जोडशब्द रूढ केला. संघटनेचे त्या वेळचे प्रमुख वॉल्टर बायर्स यांनी निवृत्तीनंतर, १९९५ साली लिहिलेल्या पुस्तकात हा शब्द भरपाईच्या दाव्यांच्या भीतीतून घडवला गेल्याचे मान्य केले. म्हणजे जो शब्द विद्येच्या गौरवासाठी आहे असे वाटे, तो वस्तुतः एका विधवेचा अर्ज फेटाळण्यासाठी होता.

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना ही युक्ती नवी वाटू नये. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याच्या अठराव्या कलमानुसार शिकाऊ उमेदवार हा ‘प्रशिक्षणार्थी’ आहे, कामगार नव्हे. अपघाताची भरपाई त्या कायद्याने त्याला दिली आहे, हे खरे. पण कामगार-कायद्यांतील इतर बहुतेक हक्क त्या एका व्याख्येने दाराबाहेर राहतात. यंत्र तेच, पाळी तीच, रसायनांचा वास तोच, आणि फक्त नाव निराळे. नाव ठेवण्याचा अधिकार ज्याच्या हाती, त्याच्या हाती निम्मा न्याय असतो. मग तो बोईसरचा कारखाना असो की अमेरिकेतले विद्यापीठ.

खेळाडूला बांधून ठेवण्याची ही व्यवस्था पूर्वी धंदेवाईक खेळातही होती, आणि ती कशी मोडली हे कार्यकर्त्यांनी मुद्दाम लक्षात ठेवण्याजोगे आहे. इंग्लंडमध्ये करार संपल्यावरही क्लब फुटबॉलपटूला अडवून ठेवू शके; जॉर्ज ईस्टहॅम या खेळाडूने त्याविरुद्ध न्यायालयात धाव घेतली आणि १९६३ मध्ये ती पद्धत व्यवसायस्वातंत्र्यावरील अवाजवी बंधन ठरली. त्याच्या पाठीशी खेळाडूंची संघटना उभी होती. अमेरिकेतील बेसबॉलची कथा अधिक बोलकी आहे. कर्ट फ्लड या काळ्या खेळाडूला १९६९ साली सेंट लुईसच्या संघाने न विचारता फिलाडेल्फियाच्या संघाला देऊन टाकले. आपण खरेदी-विक्रीची वस्तू नाही, असे कळवून तो न्यायालयात गेला. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो हरला आणि त्याची कारकीर्दही संपली. परंतु १९७५ च्या डिसेंबरात तेच बंधन लवादापुढे कोसळले. कारण दरम्यान खेळाडूंच्या संघटनेने मालकांकडून लवादाचा करार मिळवला होता. त्या संघटनेचे नेते मार्विन मिलर हे पोलाद कामगारांच्या संघटनेतून आले होते. जे एकट्या शूराला मिळाले नाही, ते संघटनेने तीन वर्षांत मिळवले.

अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळाडूंना मात्र संघटना नव्हती. त्यामुळे त्यांची सुटका झाली ती तुकड्यातुकड्यांनी आणि न्यायालयांच्या मार्गाने. २०२१ साली सर्व खेळांतील विद्यार्थ्यांना एकदा संघ बदलून तात्काळ खेळण्याची मुभा मिळाली. दुसऱ्यांदा बदलणाऱ्यांना अडवले जात होते. त्याविरुद्ध ओहायोसह काही राज्यांनी दावा लावला आणि डिसेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने त्या नियमाला स्थगिती दिली. २०२४ मध्ये अभ्यासाची अट पाळणाऱ्या विद्यार्थ्याला कितीही वेळा संघ बदलून लगेच खेळण्याचा मार्ग मोकळा झाला. जून २०२५ मध्ये मान्य झालेल्या एका तडजोडीने विद्यापीठे खेळाडूंना थेट पैसेही देऊ लागली. तरीही खेळाडूला ‘कर्मचारी’ म्हणावयाचे नाही, यावर विद्यापीठे ठाम आहेत.

येथे समाजवादी विचाराच्या माणसाने टाळ्या वाजवून थांबता कामा नये. बंधन गेले, पण त्याच्या जागी करार आला नाही, सामुदायिक वाटाघाट आली नाही, बाजार आला. नामवंत खेळाडूला बाजारात भाव मिळतो. परंतु दरवर्षी हजारो मुले बदलीच्या यादीत नाव घालतात, त्यांतील अनेकांना दुसरीकडे जागा मिळत नाही आणि जुनी शिष्यवृत्तीही हातची जाण्याचा धोका असतो. प्रशिक्षक आता उलट बाजूने दार दाखवू शकतो: तुला जाण्याचे स्वातंत्र्य आहे, तेव्हा जा. हालचालीचा हक्क आणि हालचाल करावयास लावण्याची सत्ता या दोन गोष्टी एका दारातून आत येतात. गिरणी कामगाराला ‘नोकरी सोडण्याचे स्वातंत्र्य’ नेहमीच होते.

म्हणून जुन्या नियमाच्या समर्थकांचे एक म्हणणे आदराने ऐकले पाहिजे. ते म्हणतात, बंधन काढले की बलवान संस्था दुबळ्यांचे खेळाडू उचलून नेतात. हे खोटे नाही, आणि ते समजून घ्यायला अमेरिकेपर्यंत जाण्याची गरज नाही. पश्चिम रेल्वेचा नकाशा पुरे आहे. बोईसरचा शार्दूल ठाकूर बोरिवलीला गेला. विरारचा पृथ्वी शॉ वांद्र्याच्या रिझवी स्प्रिंगफिल्ड शाळेकडून खेळला आणि २०१३ मध्ये हॅरिस ढालीत त्याने ५४६ धावा केल्या. प्रवाहाची दिशा एकच आहे, दक्षिणेकडे. जिथे चांगली खेळपट्टी आहे, जाणता प्रशिक्षक आहे आणि निवडकर्त्यांची नजर पोचते, तिथे मुलगा जातो. २०१४ च्या १ ऑगस्टला पालघर स्वतंत्र जिल्हा झाला, मुख्यालयाच्या भव्य इमारती उभ्या राहिल्या. परंतु गुणी मुलाने पहाटेची गाडी पकडून जिल्ह्याबाहेर जावे, हा क्रम बदललेला नाही.

मग मागे राहिलेल्या तारापूर विद्या मंदिराचे काय? ज्या शाळेने मुलाला पहिल्यांदा संघात घेतले, तिच्या उरलेल्या दहा मुलांचे काय? त्यांच्यावरील अन्याय खरा आहे. प्रश्न एवढाच की त्याची किंमत कोणी द्यावी. प्रतीक्षेचा नियम ती किंमत पंधरा वर्षांच्या मुलाकडून वसूल करतो. मुलगा घरी बसला म्हणून बोईसरला नवी खेळपट्टी मिळत नाही की नवा प्रशिक्षक मिळत नाही. नियमाने कोणाचाच लाभ होत नाही. केवळ हानी समान वाटल्याचे समाधान मिळते.

दुसरा मार्ग उपलब्ध आहे आणि तो जगात चालू आहे. १९९५ मध्ये युरोपीय न्यायालयाने बॉस्मन खटल्यात करार संपलेल्या फुटबॉलपटूला मोकळे केले, तेव्हा लहान क्लब आता बुडणार अशी ओरड झाली. त्यावर फिफाने २००१ च्या नियमांत एक तोड काढली. खेळाडू करार चालू असताना पैसे मोजून दुसऱ्या देशातील क्लबकडे गेला, तर त्या रकमेतील पाच टक्के हिस्सा त्याला बाराव्या ते तेविसाव्या वर्षापर्यंत घडवणाऱ्या सर्व क्लबांत वाटला जातो. शिवाय प्रशिक्षणाची वेगळी भरपाई असते. ही व्यवस्था निर्दोष नाही. लहान क्लबांचे पैसे बुडाल्याच्या तक्रारी होत असतात. पण तिच्यातील तत्त्व अचूक आहे. घेणाऱ्या बलवान संस्थेने घडवणाऱ्या लहान संस्थेचे देणे द्यावे, आणि खेळाडूने मोकळेपणी जावे. भारतात क्रिकेटपटूंच्या लिलावात कोट्यवधी रुपयांची बोली लागते. त्यांतील एक टक्का जरी खेळाडूच्या पहिल्या शाळेच्या मैदानासाठी राखून ठेवला, तरी बोईसरपासून जव्हारपर्यंत किती शाळांना जाळी, खेळपट्टी आणि पगारी प्रशिक्षक मिळेल, याचा हिशेब कार्यकर्त्यांनी करून पाहावा.

आपल्याकडील नियमांत अडवणुकीचे साधन प्रतीक्षेपेक्षा कागद हे अधिक आहे. महाविद्यालय बदलताना जुन्या महाविद्यालयाचा दाखला लागतो, विद्यापीठ बदलताना स्थलांतर प्रमाणपत्र, आणि क्रिकेटपटूने राज्य बदलताना जुन्या संघटनेचे ना-हरकत पत्र. २०२५ मध्ये यशस्वी जयस्वाल याने गोव्याकडून खेळण्यासाठी मुंबईच्या संघटनेकडे असे पत्र मागितले आणि पुढच्याच महिन्यात विचार बदलून विनंती मागे घेतली. संघटनेने त्याला परत सामावून घेतले. त्याच वर्षी पृथ्वी शॉ हा ना-हरकत पत्र घेऊन महाराष्ट्राच्या संघात गेला. दोघांचेही काम विनाविलंब झाले आणि त्यात गैर काहीच नाही. पण ज्याचे नाव वर्तमानपत्रात छापून येत नाही, अशा विक्रमगडच्या कबड्डीपटूला तोच कागद मिळवण्यासाठी किती खेटे घालावे लागतील? ना-हरकत या शब्दातच हरकत घेण्याचा अधिकार गृहीत धरलेला आहे. तो अधिकार संस्थेला कोणी दिला?

वस्तुतः या देशाच्या कायद्याने एका ठिकाणी हे तत्त्व केव्हाच मान्य केले आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचे पाचवे कलम सांगते की शाळा बदलणाऱ्या बालकाला दाखला तात्काळ द्यावा, दाखल्याला उशीर झाला म्हणून नव्या शाळेने प्रवेश नाकारू वा लांबवू नये, आणि विलंब करणारा मुख्याध्यापक शिस्तभंगाच्या कारवाईस पात्र राहील. वीटभट्टीवर जाणाऱ्या आईबापांमागे फिरणारी या जिल्ह्यातील आदिवासी मुले या कलमाची खरी हक्कदार आहेत. त्याची अंमलबजावणी किती कच्ची आहे, हा स्वतंत्र व्याख्यानाचा विषय होईल. परंतु वर्गात बसण्याच्या बाबतीत जे तत्त्व चौदा वर्षांपर्यंत मान्य झाले, ते मैदानावर आणि चौदा वर्षांनंतर का लागू नसावे?

आणखी एका नियमाकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. आंतरविद्यापीठ स्पर्धांसाठी खेळाडू नियमित, पूर्णवेळ विद्यार्थी असावा लागतो. पूर्णवेळ नोकरीत असणारा अपात्र ठरतो. हेतू उघड आहे: नोकरीतील तयार खेळाडू नावापुरता विद्यार्थी दाखवून विद्यापीठांनी चषक लुटू नयेत. हेतू चांगला, पण फटका कोणाला बसतो ते पाहावे. पालघरच्या दांडेकर महाविद्यालयात सकाळी तासांना बसून रात्रपाळीला तारापूरच्या कारखान्यात जाणारा मुलगा चषक लुटण्यासाठी कारखान्यात जात नाही. घरची चूल पेटावी म्हणून जातो. ज्याच्या वडिलांना शुल्क परवडते तो ‘शुद्ध विद्यार्थी’, आणि ज्याला स्वतः कमवून शिकावे लागते तो संशयित! हौशीपणाचे हे सोवळे इंग्लंडातील सधन वर्गाने एकोणिसाव्या शतकात पाळले, तेव्हा कारागीर आणि मजूर यांना नौकानयनाच्या स्पर्धांत ‘हौशी’ मानले जात नसे. ते सोवळे तिथे केव्हाच गळून पडले. इथे नियमपुस्तकात ते अजून वाळत घातलेले आहे.

तारापूरला अणुऊर्जा केंद्राच्या तिसऱ्या आणि चौथ्या भट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावेच्या गावे हलवली गेली. त्या वेळी लोकांच्या स्थलांतराला ना-हरकत कोणाची घ्यावी, हा प्रश्न कोणत्याही कार्यालयाला अडचणीचा वाटला नाही. माणूस दुसऱ्याच्या सोयीसाठी हलतो तेव्हा नियम वाकतात; स्वतःच्या उत्कर्षासाठी हलू पाहतो तेव्हा ते ताठ उभे राहतात.

पालघर-बोईसरच्या कार्यकर्त्यांना या बाबतीत करण्याजोगे काम आहे, आणि त्यासाठी राष्ट्रीय पातळीवरील कोणत्याही क्रांतीची वाट पाहावी लागत नाही. मुंबई विद्यापीठाच्या अधिसभेवर नोंदणीकृत पदवीधरांचे दहा प्रतिनिधी निवडले जातात. त्यांच्यामार्फत तीन ठराव आणता येतील. खेळाडू विद्यार्थ्याचा दाखला ठरावीक दिवसांत न मिळाल्यास तो मिळाला असे समजून त्याला पात्र धरावे. खेळाडू म्हणून शुल्कमाफी देणाऱ्या महाविद्यालयाने मुलगा जायबंदी झाला किंवा संघातून वगळला गेला तरी पदवी पूर्ण होईपर्यंत ती काढून घेऊ नये. आणि कमवून शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या पात्रतेचा निर्णय त्याच्या वर्गातील हजेरीवर व्हावा, त्याच्या हजेरीपुस्तकावर कारखान्यात कोणाचा शिक्का आहे यावर नव्हे. जिल्हा परिषदेत मागणी करावयाची ती निराळी: जिल्ह्याबाहेर गेलेल्या प्रत्येक खेळाडूची पहिली शाळा कोणती, याची नोंद ठेवावी आणि क्रीडा अनुदान देताना त्या शाळांना प्राधान्य द्यावे.

या मागण्या सिद्ध करायला दाखले लागतील, आणि ते मुंबईच्या ग्रंथालयात मिळणार नाहीत. ते पहाटेच्या गाडीत मिळतील. पाठीवर खेळाच्या सामानाची पिशवी घेऊन पालघरला, केळवे रोडला, सफाळ्याला चढणाऱ्या मुलांना कोणत्या कागदासाठी कोणी किती दिवस थांबवले, एवढे विचारून लिहून काढले, तरी येत्या मोसमाच्या प्रवेशिका भरण्यापूर्वी विद्यापीठापुढे ठेवण्यास पुरेसा पुरावा जमा होईल.